आटे गेले म्हणजे नेमके काय गेले?

मोटारीच्या चाकाचा नट फिरतो आहे, फिरतोच आहे, पण आवळत मात्र नाही, आणि समोर हातात पाना घेऊन बसलेला मनुष्य मान वर न करता “आटे गेले, साहेब” एवढेच म्हणतो आहे, हा प्रसंग ज्याच्या वाट्यास आला नाही असा मोटारमालक आमच्या परभणी जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. मजवर तो गेल्या पावसाळ्यात जिंतूरच्या रस्त्यावर आला. पंक्चर काढून झाल्यावर दुकानातल्या पोराने हवेच्या गनने चार नट एका दमात चढविले. पैकी तीन मुकाट बसले, चौथा अर्ध्या वाटेत अडला, गन जराशी कण्हली, नटाने आणखी दोन फेरे घेतले आणि मग तो स्वैर फिरू लागला. गाडी तीन नटांवर, बैलगाडीच्या चालीने, परभणीपर्यंत आणताना माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता, आणि तोच या प्रकरणाचा विषय आहे: आटे गेले म्हणजे कोठे गेले? आणि गेलेले परत आणता येतात काय?

१. गुंडाळलेला चढ

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापावा आणि त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून तो तिच्याभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीवर नागमोडी वर चढत गेलेली दिसेल. आटा म्हणजे हीच तिरकी कड, धातूत कोरलेली. आपल्या जुन्या भाषेत त्यास मळसूत्र असा सुरेख शब्द आहे, आणि वाडा वा मनोरा यांतील गोल जिन्यास आपण मळसूत्री जिना म्हणतो तेव्हा नकळत बोल्टचेच वर्णन करीत असतो. डोंगर सरळ उभा चढणाऱ्यास धाप लागते, आणि वळणावळणाच्या वाटेने जाणारा पुष्कळ अधिक चालून, पण अल्प श्रमात, त्याच माथ्यावर पोचतो. नट हा बोल्टवर असाच वळणाच्या वाटेने चढतो.

या वाटेची दोन मापे लक्षात ठेवली की पुढचे सर्व सुलभ होते. पहिले बोल्टचा बाहेरचा व्यास, आणि दुसरे शेजारच्या दोन आट्यांच्या शिखरांमधील अंतर, ज्यास कारागीर पिच म्हणतात. अनेक लहान मोटारींच्या चाकांचे स्टड, म्हणजे हबमध्ये कायमचे ठोकून बसविलेले बिनडोक्याचे दिसणारे बोल्ट, बारा मिलिमीटर व्यासाचे आणि सव्वा मिलिमीटर पिचचे असतात. याचा अर्थ असा की नट पुरा एक फेरा फिरला म्हणजे सव्वा मिलिमीटर पुढे सरकतो, अधिक नाही.

वळसा बहुधा उजवा असतो, परंतु नेहमीच नव्हे. सायकलीच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, तसेच गॅसवेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या टाकीचेही असतात. आणि जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे असत, हे ठाऊक नसलेल्या किती जणांनी ते सोडविण्याच्या भरात आवळून आवळून तोडले असतील याची गणती नाही.

२. नट आवळतो तेव्हा काय घडते

सामान्य समजूत अशी की नट हा खुंटीसारखा नुसता अडकून बसतो. वस्तुतः नट आवळताना आपण बोल्टला ताणीत असतो. पोलाद कितीही कठीण भासले तरी ते अत्यंत ताठ अशी स्प्रिंगच आहे. आवळलेला स्टड केसाच्या जाडीहूनही कमी, पण निश्चितपणे, लांबतो, आणि मूळ लांबीवर येण्याच्या त्याच्या धडपडीमुळेच चाक हबवर गच्च दाबून धरले जाते. ताण आहे तोवर चाक आहे.

हा ताण किती, याचा हिशेब घरच्या जात्यावर समजतो. जात्याचा खुंटा मध्यभागी न ठोकता कडेला का ठोकतात? कारण कडेला हाताला लांब फेरा घ्यावा लागतो, पण जोर थोडा पुरतो. ज्या गंगाखेडला जनाबाईंचा जन्म झाला त्या गंगाखेडच्या आमच्या मुलखात जात्याचे गणित कुणास समजावून सांगावे लागू नये. एक फूट, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचा पाना घेऊन त्याच्या टोकावर तीस किलोचा जोर दिला, तर हाताचा एक फेरा जवळजवळ १,८८५ मिलिमीटरचा होतो आणि तेवढ्यात नट सरकतो अवघा १.२५ मिलिमीटर. भागाकार केला तर जोर सुमारे दीड हजार पट व्हावयास हवा, म्हणजे तीस किलोचे पंचेचाळीस टन! तेवढे होत नाहीत, कारण नट आणि त्याची बैठक यांतील घर्षण, तसेच आट्या-आट्यांतील घर्षण, मिळून आपल्या श्रमातील नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा वसूल करून घेतात. इतका जबर सारा कुठल्याच अंमलात नसेल. परंतु हाच सारा भरला जात असल्यामुळे नट आपोआप सुटत नाही, हेही विसरू नये. उरते ते सुमारे पावणेचार टन.

आता तीस किलोच्या हाताऐवजी साठ किलोचा मनुष्य त्याच पान्यावर उभा राहिला असे समजा. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला हा देखावा नित्याचा आहे. ताण दुप्पट, म्हणजे साडेसात टन. बोल्टच्या डोक्यावर पुष्कळदा ‘८.८’ असा अंक कोरलेला असतो. त्याचा अर्थ असा की त्या पोलादाचा दर चौरस मिलिमीटर सुमारे ८०० न्यूटनला तुटतो, आणि त्याच्या आठ दशांशाला, म्हणजे ६४० न्यूटनला, कायमचा लांबतो. बारा मिलिमीटरच्या आपल्या बोल्टचे भार पेलणारे क्षेत्र ९२ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की मर्यादा येते सुमारे सहा टन. पान्यावर उभा राहिलेला मनुष्य तीही ओलांडून गेला! चाकांचे स्टड पुष्कळदा याहून वरच्या प्रतीच्या पोलादाचे असतात, म्हणून ते त्या दिवशी निभावून जातात, इतकेच.

आणखी एक गोष्ट, जी प्रथम ऐकताना मला खरी वाटली नव्हती. नटात सात-आठ आटे असले तरी भार त्यांच्यात समान वाटला जात नाही. बैठकीलगतचा पहिला आटा एकट्याने सुमारे एक-तृतीयांश भार वाहतो आणि पहिले तीन मिळून दोन-तृतीयांशाहून अधिक. मागचे आटे बहुतांशी नामधारी. त्यामुळे टोकाकडचा एखादा आटा चेपला तर फारसे बिघडत नाही, परंतु बैठकीजवळचे दोन-तीन गेले म्हणजे बोल्टचा कर्ताच गेला.

३. तीन निदाने

परभणीच्या मेस्त्रींनी माझा स्टड पाहिला तेव्हा त्यांनी हत्यार उचलले नाही. त्यांनी फडके घेतले. रॉकेलमध्ये बुडविलेल्या फडक्याने, मग तारेच्या ब्रशने, त्यांनी स्टड पुसून काढला, कारण आमच्याकडच्या काळ्या चिकण मातीचा गिलावा एकदा आट्यांत वाळला की तो दगडासारखा होतो आणि पुष्कळ ‘गेलेले’ आटे हे वास्तविक केवळ मातीने बुजलेले असतात. नंतर त्यांनी डब्यातून एक कोरा स्टड काढला आणि तो जुन्याच्या अंगाला आडवा लावून दोन्ही उजेडासमोर धरावे तसे डोळा बारीक करून पाहिले.

“इकडं बघा साहेब,” ते म्हणाले, “दात दातात बसतात का?”

नव्याची शिखरे जुन्याच्या दऱ्यांत बसली पाहिजेत. टोकाकडे ती बसत होती; मध्ये मात्र दोन्हींच्या मधून उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

निदाने तीनच संभवतात, आणि दुरुस्तीचा सारा विवेक त्यांतील भेद ओळखण्यात आहे. पहिले, धातू जागच्या जागी आहे, पण वाकला किंवा चेपला आहे. हातोडीचा घाव बसून टोकाला छत्री झाली, किंवा नट तिरका चढून एका आट्याने दुसऱ्याच्या हद्दीत अतिक्रमण केले, की असे होते. दुसरे, धातू निघूनच गेला आहे. नट सोडविताना त्याच्यासोबत तारेच्या वेटोळ्यासारखी चकचकीत पट्टी बाहेर आली तर समजावे की ते आटेच आहेत. तिसरे, धातू आहे आणि आकारही वरवर ठीक आहे, परंतु बोल्ट ताणला जाऊन मध्ये बारीक झाला आहे, म्हणजे पिच वाढला आहे. उजेडाची रेघ दिसते ती याचीच. पहिल्यास सरळ करता येते, दुसऱ्यास नवा धातू द्यावा लागतो. तिसऱ्यास काढून टाकावे लागते, त्यावर अपील नाही.

४. डब्यातले नट

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी त्या डब्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण निम्मे आटे गंजाने वा जोराने जात नसून डब्यामुळे जातात. प्रत्येक गॅरेजात असा एक पत्र्याचा डबा असतो, ज्यात गेल्या पन्नास वर्षांतल्या तमाम गाड्यांचे नट गुण्यागोविंदाने नांदत असतात.

१८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने, ज्या काळी प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीचे आटे पाडीत असे त्या काळी, सर्वांसाठी एकच मोजमाप सुचविले; आट्यांच्या दोन बाजूंमधील कोन त्याने ५५ अंश ठरविला. ब्रिटिश यंत्रांबरोबर हे आटे हिंदुस्थानभर पसरले, आणि निजामाच्या रेल्वेने मीटरगेजचा फाटा आमच्या पूर्णेवरून नेला तेव्हा इंजिनांच्या शेडबरोबर तेही येथे आले. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने कोन ६० अंशांचा करावा असे प्रतिपादिले, कारण तो घडविण्यास सोपा. महिंद्रांनी मुंबईत जुळविलेल्या विलीज जीपबरोबर हे अमेरिकी इंची आटे आले. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान मापे आली, आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आल्यापासून मिलिमीटरच्या आट्यांचे राज्य खऱ्या अर्थाने घरोघर सुरू झाले. दफ्तरात एक अंमल संपतो आणि दुसरा येतो. डब्यात मात्र तिन्ही अंमल एकाच वेळी चालू असतात.

यात घात कसा होतो तो पाहा. जीपच्या चाकाचा नट अर्ध्या इंचाचा, इंचात वीस आटे असलेला. म्हणजे व्यास १२.७ मिलिमीटर आणि पिच १.२७. मारुतीच्या स्टडचा व्यास १२, पिच १.२५. पिच जवळजवळ सारखाच असल्याने जीपचा नट मारुतीच्या स्टडवर सरसर चढतो, किंबहुना योग्य नटापेक्षाही सुखाने चढतो. परंतु आट्यांची खोली जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि व्यासातील फरकामुळे चहूबाजूंनी सुमारे साडेतीन दशांश मिलिमीटर मोकळे राहते. म्हणजे जवळजवळ निम्मी पकड आधीच नाहीशी झाली. असा नट बोटांना खरा वाटतो, पाना लावताच शिखरांवरून घसरतो आणि जाताजाता त्यांचे टोक कापून नेतो. यावर इलाज म्हणजे पिच गेज, फणीसारख्या दातेरी पात्यांचा जुडगा. योग्य पाते आट्यांत बसते, अयोग्य डगमगते. फार महाग नसलेले हे हत्यार आमच्याकडे क्वचितच दिसते, याचे मला नेहमी नवल वाटते.

५. वाकलेले सरळ करणे

बोल्टच्या बाहेरील आट्यांची दुरुस्ती सोपी आहे, आणि तिच्यात एक लहानसे सौंदर्यही आहे. तिकोनी कानशीच्या छेदाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, आणि मेट्रिक आट्यांचा कोनही ६० अंशांचाच! त्यामुळे चेपलेल्या आट्याच्या दरीत कानशीची धार ठेवून, निरोगी आट्याच्या वळणाशी समांतर अशी ती हलकेच ओढली, की दरी आपल्या मूळ आकारात येते. ज्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरच्या विद्यार्थ्यास आरंभी कानस चालविण्याचा कंटाळवाणा सराव करावा लागतो, त्या संस्थेतून बाहेर पडल्यावर हा सराव त्याच्या असा कामी येतो. दोन-तीन आट्यांपुरते हे पुरे. त्याहून अधिक चेपले असतील तर डाय-नट लावावा, म्हणजे षट्कोनी आकाराची डाय, जी पान्याने फिरविता येते.

येथे एक सावधगिरी. नवे आटे पाडण्याची डाय आणि जुने आटे सावरण्याची डाय यांत भेद आहे. पहिली धातू कापते, दुसरी वाकलेला धातू स्वस्थानी परतविते. आधीच दुखावलेल्या बोल्टवर पहिली फिरविणे म्हणजे जखमेवर मलम लावण्याऐवजी मांस तासणे. दुसरी हाताशी नसेल तर त्याच मापाचा एक चांगला नट घेऊन हॅकसॉने त्यास एका बाजूने चीर पाडावी आणि तेल लावून तो बोल्टवर पुढे-मागे फिरवावा; चिरेची धार कचरा खरवडून काढते. आणि बोल्ट कापून आखूड करावयाचा असेल तेव्हा कापण्यापूर्वी त्यावर एक नट चढवून ठेवावा. कापून झाल्यावर तो नट बाहेर काढताना चांगल्या आट्यांकडून बिघडलेल्यांकडे येतो आणि टोकावरचा वाकलेला आटा स्वतःच सरळ करीत येतो. निरोगी बाजूने रोगी बाजूकडे जावे, उलट जाऊ नये.

६. भोकातले आटे

खरी अडचण आतील आट्यांची. बोल्ट गेला तर बाजारात दुसरा मिळतो, परंतु इंजिनाच्या सिलिंडर हेडमधील स्पार्क प्लगचे भोक किंवा ऑइल काढण्याच्या बोल्टचे भोक बाजारात मिळत नाही. त्यात हे भाग पुष्कळदा ॲल्युमिनियमचे, म्हणजे पोलादाहून बरेच मऊ; त्यामुळे पोलादी बोल्ट तिरका घातला तर हार नेहमी भोकाची होते.

आटे नुसते चेपले असतील तर योग्य मापाचा टॅप हाताने फिरवावा. नवे आटे पाडताना भोकाचे माप सोपे आहे: व्यासातून पिच वजा करावा. दहा मिलिमीटर व्यास आणि दीड पिच, तर भोक साडेआठचे. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, ही टॅपची चाल; मागे घेतल्याने कापलेला कीस तुटतो, नाहीतर तो दातांत गुंडाळला जाऊन टॅप मोडतो, आणि भोकात मोडलेला टॅप काढणे म्हणजे मूळ दुखण्याहून औषध भारी. पोलादास तेल, ॲल्युमिनियमला रॉकेल, बिडास कोरडेच.

परंतु धातू निघूनच गेला असेल तर? पूर्वी दोनच उपाय होते: भोक मोठे करून जाडा बोल्ट घालणे, किंवा लेथवर बुश घडवून त्यात पुन्हा मूळ मापाचे आटे पाडणे. बुश हा आजही उत्तम उपाय आहे. तथापि हेलिकॉइल नावाच्या युक्तीने हे काम पुष्कळ सुकर केले. स्टेनलेस पोलादाच्या, शंकरपाळ्यासारखा छेद असलेल्या तारेचे वेटोळे, एवढेच तिचे स्वरूप. जुने आटे ड्रिलने बेदखल करावयाचे, त्या मोठ्या भोकात खास टॅपने नवे आटे पाडावयाचे आणि त्यांत हे वेटोळे फिरवीत बसवावयाचे. तारेची बाहेरची धार ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसते आणि आतली धार मूळ मापाचा नवा पोलादी आटा होते. वेटोळे मोकळे असताना भोकापेक्षा किंचित मोठे असते, म्हणून आत गेल्यावर ते फाकून स्वतःच स्वतःला धरून ठेवते, गोंद वा वेल्डिंग लागत नाही. ते पृष्ठभागाखाली पाव-अर्धा फेरा उतरले की तळाशी असलेली त्याची आडवी जिभली पिनेने ठोकून मोडून काढतात. स्पार्क प्लगच्या भोकात ही जिभली व कीस सिलिंडरमध्ये पडू देऊ नये. टॅपच्या दातांत घट्ट ग्रीस भरले की बराचसा कीस त्यातच चिकटतो. अशा रीतीने दुरुस्त केलेले भोक मूळच्याहून बळकट होते, कारण मऊ धातूत आता अधिक व्यासाचे आटे आहेत आणि बोल्टची गाठ पोलादाशी आहे.

टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे, लांबी भरणे, बोल्टवर सुताचा दोरा वेढून तो ठोकून बसविणे, असे जे उपाय चालतात त्यांच्याविषयी एवढेच लिहितो की ते ऑइलची गळती काही दिवस थांबवितात, ताण मात्र कणभरही पेलत नाहीत.

गंजून बसलेल्या नटाची कथा निराळी, पण थोडक्यात उरकता येईल. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो पाचरीसारखा आट्यांत रुततो. पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. न सुटल्यास नट तापवावा. तीनशे अंशांनी तापविलेल्या बारा मिलिमीटरच्या नटाचे भोक सुमारे चार शतांश मिलिमीटरने वाढते, आणि गंजाची पकड मोडण्यास तेवढे पुष्कळदा पुरते. अर्थात जवळ टायर, पेट्रोलची नळी किंवा ब्रेकची नळी नाही हे आधी पाहावे.

७. माझा स्टड

माझ्या स्टडचे निदान तिसरे निघाले होते, म्हणून कानशीचा व डायचा प्रश्नच उरला नाही. “घासून देऊ का, नट चढंल,” असे मेस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने विचारले तेव्हा ते त्याच्यावर डाफरले: “चाकाचा हाय तो. घरचा पंखा न्हाई.” ब्रेकचा ड्रम उतरवून जुना स्टड हातोडीने मागच्या बाजूस ठोकून काढला गेला. नवा मागून घालून, पुढून त्यावर जाड वॉशर व एक जुना नट उलटा चढवून, पान्याने तो हळूहळू ओढून घेतला. स्टडच्या मुळाशी असलेले खाचेदार दाते हबच्या भोकात करकरत रुतले.

मग चाक चढले, आणि मेस्त्रींनी जे केले ते मी आजवर कुठल्या पंक्चरच्या दुकानात पाहिलेले नाही. नवा नट स्टडच्या तोंडावर ठेवून त्यांनी तो दोन बोटांनी आधी उलटा फिरविला. पाऊण फेऱ्यावर ‘टक्’ असा लहानसा आवाज झाला. नटाच्या आट्याचे तोंड स्टडच्या आट्याच्या तोंडावरून खाली उतरल्याचा तो आवाज. तेथून पुढे त्यांनी तो सुलट फिरविला आणि पाना न लावता, बोटांनीच, पाच-सहा फेरे नेला. जो नट बोटांनी तीन फेरे जात नाही तो तिरका आहे. गनला हे समजत नाही, बोटांना समजते. स्टडला तेल मात्र त्यांनी लावू दिले नाही, कारण घर्षणाचा सारा कमी झाला की तेवढ्याच जोरात ताण भलताच वाढतो. शेवटी, एक आड एक अशा समोरासमोरच्या क्रमाने, पान्याच्या टोकाला हाताने दाब देऊन चारही नट आवळले गेले. पान्यावर कोणी उभे राहिले नाही.

“पन्नास-साठ किलोमीटर फिरवून आणा,” मेस्त्री हात पुसत म्हणाले, “नवा स्टड अजून बसायचाय.”

गंगाखेडला जाण्याचे काम मला होतेच. संध्याकाळी परत आलो तेव्हा त्यांनी प्रत्येक नटाला तोच पाना तसाच लावला. जुने तिन्ही नट जागचे हलले नाहीत. नव्याने मात्र आणखी थोडी वाट दिली.